हलगी कोण वाजवतंय?

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? अगदी सोपा आहे.

गावात वरात निघाली, गणपतीची मिरवणूक निघाली किंवा शाळेचं लेझीम पथक निघालं, की सगळ्यांत आधी काय ऐकू येतं? बरोब्बर! हलगी. अजून मिरवणूक दिसतही नसते, ती दोन गल्ल्या पलीकडे असते, पण ‘कडाड् कड्, कडाड् कड्’ ऐकू आलं की अभ्यासाच्या टेबलाखाली पाय आपोआप हलायला लागतात. एरवी गंभीर चेहऱ्यानं वावरणारे काकासुद्धा हात वर करून नाचायला लागतात. खरं ना?

आता दुसरा प्रश्न. हा जरा अवघड आहे. मागच्या वेळी तुम्ही जिच्यावर नाचलात, ती हलगी वाजवत कोण होतं? त्याचं नाव काय? त्याचा चेहरा आठवतो का?

नाही आठवत? वाईट वाटून घेऊ नका. मला तर चेहरा आठवत होता, नावही माहीत होतं, तरी मी एक चूक केली. ती चूक आज तुम्हाला सांगणार आहे. पण त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर सोलापूर जिल्ह्यात एक चक्कर मारावी लागेल. येणार ना? पाण्याची बाटली घ्या, टोपी घाला. सोलापूरचं ऊन म्हणजे काय चीज आहे, ते तिथं गेल्यावरच कळतं!

फोटोतली मुलं

गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा सातवीत होतो. सोलापूर जिल्ह्यातल्याच एका गावात आमची शाळा होती. १५ ऑगस्टसाठी आमचं लेझीम पथक तयार होत होतं आणि मी होतो पथकाचा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय विचारता! गळ्यात शिट्टी आणि कॉलर ताठ.

लेझीम खेळायची तर हलगी हवी. आमच्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील हलगी वाजवायचे आणि तोही फार छान वाजवायचा. आपण त्याला ‘माझा मित्र’ म्हणू. तालमीच्या पहिल्या दिवशी तो म्हणाला, “मला लेझीम पण येते. मला पथकात घे की.” मी म्हणालो, “मग हलगी कोण वाजवणार? तुझंच काम आहे ते.” तो काही बोलला नाही. हलगी घेऊन कडेला उभा राहिला.

आमचा तालुक्यात पहिला नंबर आला. ढाल मिळाली. फोटोवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, “नुसतं उभं राहू नका, खेळून दाखवा. मी मध्येच फोटो काढतो.” खेळायचं म्हणजे हलगी हवीच. माझा मित्र आमच्या रांगेशेजारी येऊन उभा राहिला. आणि मी म्हणालो, “तू जरा बाजूला हो. हा लेझीमवाल्यांचा फोटो आहे.”

तो बाजूला झाला. चौकटीबाहेर उभा राहून त्यानं हलगी वाजवली. आम्ही खेळलो. फोटो निघाला. फोटोत वीस मुलं आहेत, एक ढाल आहे. हलगी नाही.

तो फोटो पुष्कळ वर्षं माझ्या घरात भिंतीवर होता. आणि विश्वास ठेवा, त्यात काहीतरी कमी आहे, असं मला कधी वाटलंच नाही. ते वाटलं २०१४ साली, सोलापूरच्या एका थिएटरात, एक सिनेमा पाहताना. त्या सिनेमाकडे आपण येणारच आहोत. आधी गाव तर बघू.

तारेच्या कुंपणातली वस्ती

सोलापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चादरी, शेंगदाण्याची चटणी, सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची जत्रा. या शहरात रिक्षावाल्याशी मराठीत बोलावं, तर तो मागच्या माणसाशी कानडीत बोलतो, चहावाल्याला तेलुगूत हाक मारतो आणि रस्ता उर्दूत विचारतो. एका शहरात चार भाषा! कापडाच्या गिरण्यांमुळे चहूकडून माणसं इथं आली आणि इथलीच झाली.

पण काही माणसं इथं आपणहून आली नव्हती बरं का. त्यांना आणून ठेवलं होतं.

इंग्रजांनी १८७१ साली एक विचित्र कायदा केला. त्या कायद्यानं काही जमातींना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलं. म्हणजे एखाद्यानं चोरी केली म्हणून तो गुन्हेगार, असं नाही. अमुक घरात जन्म झाला, एवढ्यावरच शिक्का! कालच जन्मलेलं बाळसुद्धा त्यातून सुटत नसे. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेचं कुंपण घातलेली एक मोठी वसाहत होती. तिला म्हणायचे ‘सेटलमेंट’. तिथं हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. दिवसा गिरणीत काम आणि संध्याकाळी पुन्हा कुंपणाच्या आत. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा कितीतरी समाजांची माणसं त्या कुंपणात राहिली.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला १९५२ सालचा ३१ ऑगस्ट उजाडावा लागला. तेव्हापासून या लोकांना ‘विमुक्त’ म्हणतात. विमुक्त म्हणजे मोकळे झालेले. सोलापुरातल्या त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात.

आता एक गंमत पाहा. या समाजांतले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या कलावंत होते. कुणी टोपल्या विणायचे, कुणी दोरावर चालायचे, कुणी गायचे, कुणी नाचायचे. त्यांचा खेळ बघायला गाव जमायचं आणि खेळ संपला की त्यांना गावाबाहेर मुक्काम करायला सांगायचं. कला हवी, कलावंत नको! आहे की नाही उलटं?

तर हा मुद्दा लक्षात ठेवा. आता स्टेशनवर चला. पुण्याकडे जाणारी गाडी लागली आहे. खिडकीची जागा पकडा!

कुर्डुवाडीहून बार्शीकडे

मोहोळ गेलं, माढा गेलं. दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं, मध्येच उसाचा हिरवा पट्टा. सुमारे ८० किलोमीटरवर कुर्डुवाडी जंक्शन येतं. इथून एक फाटा बार्शीला जातो. १८९७ साली या वाटेवर एक चिमुकली गाडी सुरू झाली, बार्शी लाइट रेल्वे. रूळ इतके जवळ जवळ की गाडी खेळण्यातली वाटावी. आता तिथं रुंद रूळ आहेत आणि मोठ्या गाड्या धावतात.

बार्शीत का जायचं? तर तिथं १९१६ साली एक मुलगा जन्मला. त्याचं नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी. आई मुनेरबी गायची, तिच्याकडून गाणी त्याच्या गळ्यात उतरली. मोठा होताना त्यानं मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. आणि मग तो गाऊ लागला. त्याचा आवाज इतका पहाडी की, मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही दचकायला व्हावं. हाच मुलगा पुढे शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ काढलं. कामगारांची दुःखं, शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांनी पोवाड्यांतून आणि लोकनाट्यांतून मांडले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर डफावर थाप पडली की हजारो माणसं उभी राहायची.

विचार करा. गावात ज्यांच्या कलेला ‘खालची’ म्हणायचे, तीच डफ-तुणतुण्याची कला महाराष्ट्र राज्य मिळवण्याच्या लढ्यात पुढे उभी होती!

आता या बार्शीतून एक वाट थेट अमेरिकेला जाते. कशी? सांगतो.

अमर शेख यांची मुलगी म्हणजे कवयित्री मल्लिका अमर शेख. त्यांचं लग्न झालं कवी नामदेव ढसाळ यांच्याशी. ढसाळ आणि त्यांच्या तरुण मित्रांनी १९७२ साली मुंबईत एक संघटना स्थापन केली, ‘दलित पँथर’. हे नाव त्यांनी कुठून घेतलं? अमेरिकेत १९६६ साली कृष्णवर्णीय तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’ नावाची संघटना काढली होती, तिच्यावरून. सातासमुद्रापलीकडच्या लोकांचं दुःख आपल्यासारखंच आहे, हे या तरुणांना जाणवलं होतं.

ढोलावर बंदी!

अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक म्हणजे कोण? आफ्रिकेतून ज्यांना साखळदंडांत बांधून, जहाजात कोंबून नेलं आणि गुलाम म्हणून विकलं, त्यांची लेकरं-नातवंडं. त्यांच्याजवळ सामानसुमान काही नव्हतं. पण ताल होता. ढोल वाजवणं ते विसरले नव्हते.

दक्षिण कॅरोलिना नावाची एक वसाहत होती. तिथं १७३९ साली गुलामांनी बंड केलं आणि त्यात ढोल वाजले. मालक लोक इतके घाबरले, इतके घाबरले, की १७४० साली त्यांनी कायदाच करून टाकला: गुलामांनी ढोल वाजवायचे नाहीत!

मग त्या लोकांनी काय केलं असेल? ओळखा पाहू.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मांड्यांवर, छातीवर थापा मारल्या. टाचा जमिनीवर आपटल्या. ढोल काढून घेतला, तर अंगाचाच ढोल केला! आज जगभर आवडीनं पाहिला जाणारा ‘टॅप डान्स’ वाढला, त्यात या पायांचा फार मोठा वाटा आहे. जॅझ आणि ब्लूज हे संगीताचे प्रकारही याच लोकांनी जगाला दिले.

पण त्यांचंही तसंच झालं. लोक त्यांच्या गाण्यांवर नाचत आणि हॉटेलात मात्र त्यांना शेजारी बसू देत नसत. म्हणून त्यांनी ठरवलं की आपली गोष्ट आपणच सांगायची. ऑस्कर मिशो नावाच्या कृष्णवर्णीय लेखकानं १९१९ साली स्वतःच्याच कादंबरीवर सिनेमा काढला. १९२६ साली कार्टर वुडसन या इतिहासकारानं आपल्या लोकांचा इतिहास साजरा करणारा एक आठवडा सुरू केला. १९७६ पासून त्याचा पूर्ण महिना झाला. आल्व्हिन एली या नर्तकानं १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये नृत्याचं पथक काढलं आणि लहानपणी प्रार्थनेच्या वेळी ऐकलेली गाणी मोठ्या रंगमंचावर नेली. ते पथक आजही जगभर फिरतं.

आणि हे ऐका! आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती हार्लेम तिथून अगदी जवळ. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि ड्यू बॉइस यांनी त्याला उत्तरही दिलं. दोन देशांतले दोन विद्वान, पण दुखणं एकाच जातीचं.

चला, आता परत कुर्डुवाडीला. आपली गाडी सुटायची वेळ झाली.

कुंकवाचं गाव, हलगीचा मुलगा

कुर्डुवाडीच्या पुढे केम नावाचं स्टेशन लागतं. हे करमाळा तालुक्यातलं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे, माहीत आहे? कुंकवासाठी! हळदीपासून कुंकू बनवण्याचे कारखाने इथं आहेत. तुमच्या आजीच्या करंड्यातलं कुंकू कदाचित केमचंच असेल. आजीला विचारा.

याच केममध्ये सोमनाथ अवघडे नावाचा मुलगा राहायचा. सोमनाथ हलगी वाजवायचा. एकदा गावात तो हलगी वाजवत असताना एका दिग्दर्शकानं त्याला पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, हाच माझ्या सिनेमाचा नायक! तो सिनेमा म्हणजे ‘फँड्री’. २०१३ सालच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सोमनाथला उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. केमच्या रस्त्यावरची हलगी दिल्लीपर्यंत पोचली!

आणि तो दिग्दर्शक कुठला? दूरचा नाही. केमच्या पुढे थोडंसं गेलं की जेऊर स्टेशन येतं. उतरा. नागराज मंजुळे या जेऊरचे. १९७७ साली त्यांचा जन्म झाला. दगड फोडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या वडार समाजातलं हे घर. नागराज शिकले, कविता लिहू लागले. मग सिनेमा शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ नावाची छोटी फिल्म केली. शाळेत जायची फार फार इच्छा असलेल्या मुलाची ती गोष्ट. तिलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१६ साली आला ‘सैराट’. तो तर तुमच्या आई-बाबांनाही पाठ असेल! या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण करमाळा तालुक्यात आणि उजनी धरणाच्या पाण्याकाठी झालं. नायिका रिंकू राजगुरू याच जिल्ह्यातल्या अकलूजची. ‘झिंगाट’वर सगळा महाराष्ट्र नाचला आणि सोलापुरी बोली पडद्यावर ताठ मानेनं बोलू लागली. ‘आमची भाषा गावठी आहे’ म्हणून तोंड लपवणाऱ्या कितीतरी मुलांना त्या दिवसांत केवढा धीर आला असेल!

पण मला बोलायचं आहे ते ‘फँड्री’बद्दल.

‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ डुक्कर. कैकाडी म्हटल्यावर आठवलं ना? सोलापूरच्या त्या कुंपणातली माणसं! त्यांच्या भाषेतला शब्द मोठमोठ्या पोस्टरवर झळकला, हीच केवढी गोष्ट झाली.

सिनेमात जब्या नावाचा मुलगा आहे. तो शाळेत जातो. त्याला छान कपडे घालावेसे वाटतात, वर्गातली एक मुलगी त्याला आवडते. पण गावात डुकरं पकडण्याचं काम त्याच्या घराकडे आहे. गावच्या जत्रेत त्याच्या वर्गातली मुलं नाचत असतात आणि त्याला मात्र डोक्यावर दिवा धरून उभं राहावं लागतं. उजेड त्याच्या डोक्यावर, नाच दुसऱ्यांचा. आणि जब्याच्या डोळ्यांत पाणी.

दोस्तांनो, थिएटरच्या अंधारात मी तो दिवा पाहिला आणि मला एकदम माझा फोटो आठवला. माझा मित्र त्या चौकटीबाहेर उभा होता. त्याला तिथं उभं कुणी केलं होतं? मी! शिट्टीवाल्या प्रमुखानं.

सिनेमाच्या शेवटी जब्या एक दगड फेकतो. तो दगड सरळ पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो. मी तो चुकवला नाही, एवढंच सांगतो.

आईचं नाव लावणारा डॉक्टर

जेऊरला आलोच आहोत तर करमाळा तालुक्यातलं आणखी एक गाव नकाशात शोधा. नेरले. इथला मुलगा किशोर. त्याची आई शांताबाई तमाशात नाचायची. कोल्हाटी समाजातल्या बायकांच्या लावणीला लोक शिट्ट्या मारायचे, पैसे उधळायचे. पण त्यांच्या मुलांना शाळेत विचारलं जायचं, “वडिलांचं नाव काय?” किशोरजवळ उत्तर नव्हतं. त्यानं काय केलं? तो शिकला, मुंबईत जाऊन डॉक्टर झाला आणि स्वतःच्या नावात अभिमानानं आईचं नाव लावलं. डॉ. किशोर शांताबाई काळे. १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ हे त्यांचं आत्मकथन आलं आणि लावणीच्या झगमगाटामागे किती अंधार आहे, ते वाचकांना दिसलं. २००७ साली अपघातात डॉ. काळे गेले. पण एक गोष्ट बघा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव लावायचं आणि मग वडिलांचं, असा नियम आहे. किशोरनं जे एकट्यानं केलं होतं, ते आता सगळ्यांसाठी झालं.

जेऊरहून टेंभुर्णीमार्गे अकलूजला जाता येतं. तिथं १९९३ साली लावणीची मोठी स्पर्धा सुरू झाली. तोवर ‘लावणी घरच्यांनी बघायची नसते’ असं म्हणायचे. अकलूजला बायका-मुली, आया-आज्या मांडवात बसून लावणी पाहू लागल्या. नाचणाऱ्या कलावतीकडे लोक ‘कलावती’ म्हणून बघायला शिकले. इकडे दक्षिणेला, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे. त्यांनी ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली लिहिलं. गावकुसाबाहेरचं जगणं त्यांनी मोकळेपणानं मांडलं आणि पुढे ‘सनातन’ या कादंबरीसाठी त्यांना २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला.

एका जिल्ह्यात एवढी माणसं! कुणी गायलं, कुणी नाचलं, कुणी लिहिलं, कुणी कॅमेरा हातात घेतला. सगळ्यांनी मिळून एकच काम केलं. चौकटीबाहेरची माणसं चौकटीत आणली.

पुन्हा तोच फोटो

मग मी काय केलं? सिनेमा पाहून आल्यावर फोटो भिंतीवरून काढला, पिशवीत घातला आणि गावाकडे गेलो.

माझ्या मित्राचं घर शोधायला वेळ लागला नाही. हलगीचा आवाज येत होता ना! बाबासाहेबांची जयंती जवळ आली होती. समाजमंदिरासमोर दहा-बारा पोरं-पोरी गोल करून उभी होती आणि तो त्यांना शिकवत होता. डोक्याचे केस पांढरे झालेले. एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. शेजारी घुमकं आणि कैताळ वाजवणारी दोन मुलं. एक चिमुरडी हलगी जाळावर धरून तापवत होती. कातडं तापलं की ताणतं, मग आवाज कसा खणखणीत येतो! हल्ली प्लॅस्टिकचं पान बसवलेल्या हलग्याही मिळतात, त्या तापवाव्या लागत नाहीत. पण तिला कातड्याचीच हवी होती.

मला बघून तो म्हणाला, “काय रे प्रमुख, वाट चुकला काय?”

मी फोटो पुढे केला. सगळी तयारी करून गेलो होतो, काय काय बोलायचं ते ठरवून. पण तोंडातून एवढंच आलं, “यात तू नाहीस. माझ्यामुळं.”

त्यानं फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता हा रागावणार. रागावला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, “पाय बघ तुमचे.”

मी पाहिलं. इतकी वर्षं भिंतीवर बघत होतो, पण कधी नीट पाहिलं नव्हतं. वीसच्या वीस मुलांचा उजवा पाय उचललेला. एकाचाही पुढेमागे नाही.

“हे माझं काम आहे लेका,” तो म्हणाला. “मी नाही कसा? सगळ्या फोटोत मीच आहे.”

मग जरा थांबून म्हणाला, “पण त्या दिवशी वाईट वाटलं होतं. घरी जाऊन जेवलो नव्हतो.”

मी “चुकलो” म्हणालो. तो “हं” म्हणाला. तेवढ्यात ती चिमुरडी हलगी घेऊन आली आणि त्यानं माझ्या हातात लेझीम दिली. “विसरला नसशील तर दाखव या पोरांना.” त्या वयात, त्या पोटासकट, मी लेझीम खेळलो. पोरं पोट धरधरून हसली! आणि मधल्या घरातली लेझीम माझ्या मित्रानं एका मुलाच्या हातात हलगी देऊन स्वतः खेळून दाखवली. तो माझ्यापेक्षा छान खेळतो. सातवीतही खेळला असता.

तर दोस्तांनो, आपली सहल संपली. आता तुमच्यासाठी एक छोटंसं काम. पुढच्या वेळी हलगी वाजेल, बँड वाजेल, कुणी लावणी सादर करेल, कुणी डोक्यावर दिव्यांची माळ घेऊन वरातीत चालेल, तेव्हा पोटभर नाचा. पण नाच संपला की त्या माणसाजवळ जा. “तुमचं नाव काय? हे कुठं शिकलात?” एवढं विचारा. पाण्याचा तांब्या नेऊन द्या. जेवणाची पंगत बसली की त्यांना आपल्याच पंगतीत बसवायला घरच्यांना सांगा. वर्गात कुणाला हलगी येत असेल, तर त्याच्याकडून शिका आणि लेझीम त्याच्या हातात द्या.

आणि आई-बाबांना एक विनंती. घरात एखादा जुना वरातीचा, जत्रेचा, स्नेहसंमेलनाचा फोटो असेल, तर मुलांना घेऊन बसा आणि शोधा, वाजवणारा कुठं आहे? नसला तर त्याचं नाव आठवून बघा. आठवलं, तर फोटोच्या मागे लिहून ठेवा.

मी लिहिलं आहे. वीस नावांच्या खाली एकविसावं. ते एकविसावं म्हणालो खरं, पण वाजायला त्यानंच आधी सुरुवात केली होती.